आडवी तात

परभणीत टेनिस खेळणारे साहेब मूठभर, पण रुबाब असा की गावात दुसरं कुणी काही खेळतच नसावं. स्टेशनच्या पलीकडे लिंबांच्या रांगेमागे त्यांचा क्लब होता आणि क्लबात मुरमाचं एक कोर्ट होतं. निजामाच्या काळात कुण्या हौशी अंमलदाराने ते करून घेतलेलं. निजामी गेली, कोर्ट राहिलं. दिवस कलला की वकील, डॉक्टर, इंजिनिअर पांढऱ्या चड्ड्या घालून तिथे जमत, चेंडू जाळीत मारत आणि एकमेकांना 'व्हेरी गुड' म्हणत.

सिताराम तिथला मार्कर. मार्कर म्हणजे पडेल ते काम करणारा. कोर्टावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, चेंडू वेचायचे, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर समोर उभं राहून बेताबेताने हरायचं. हे शेवटचं काम सितारामला फार छान जमे. रॅकेटची तात तुटली की ती नव्याने भरून द्यायचं कामही त्याचंच.

तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची दोरी. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते त्याच जातीची, फक्त ही हैदराबादहून कागदात गुंडाळून येई आणि साहेबलोक तिला इंग्रजी नावाने बोलवत. क्लबाचे सेक्रेटरी भगवानराव वकील पाहुण्यांना सांगत, "आमच्या सितारामचा हात म्हणजे हात आहे. हैदराबादला पाठवायची गरज नाही." सिताराम मान खाली घालून हसे. मान खाली घालण्याचं कारण मात्र विनय नव्हतं.

कारण विणकाम त्याचं नव्हतंच. ते त्याच्या बायकोचं होतं.

जुना मार्कर हैदराबादचा होता, सगळे त्याला चाचा म्हणत. जाताना तो सितारामला रॅकेट आवळून धरायचा लाकडी शिकंजा देऊन गेला आणि अर्धी विद्या देऊन गेला. उभी तात कशी भरायची ते त्याने शिकवलं. मधून सुरुवात करायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही बाजूंना सारखा ताण. एकाच बाजूला ओढत गेलं की लाकूड वाकडं होतं, प्रसंगी तडकतं. तात खुंटीला गुंडाळायची, अंगाचा भार टाकून ओढायची आणि ओढलेली सुटू नये म्हणून भोकात टोचा दाबून धरायचा. एवढं सितारामला जमलं. आडव्या तातेशी गाठ पडली आणि त्याला घाम फुटला. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, पुढच्या ओळीला बरोबर उलट. चार बोटं विणलं की कुठेतरी दोनदा वरून गेलेलं असे. उसवायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा तेच. शेवटी त्याने शिकंज्याला लाथ मारली. नाचता येईना, अंगण वाकडं.

चांगुणाबाई चुलीपुढून हे बघत होती. पेडगावला तिच्या माहेरी सुंभाच्या बाजा विणत. नवऱ्याचा राग निवेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "सरका बरं. द्या इकडं."

त्या दिवसापासून घरात वाटणी झाली. ओढायचं त्याने, विणायचं तिने. बाजेची विद्या तिला पुरली नाही, तातेची तिने स्वतः शोधून काढली. ताणलेल्या तातेत नवी ओळ घालणं जड जातं, म्हणून ती एक ओळ नेहमी पुढे विणून ठेवी आणि मगच मागची ओढायला सांगे. तात सरळ खेचली तर उभ्या तातेवर एकाच जागी घासते, तिथे भाजल्यासारखी होते, तिचे तंतू सुटतात, आणि आठ दिवसांत ती तिथेच तुटते. म्हणून चांगुणाबाई ती खेचताना हात वर-खाली हलवत राही, पंख्याने वारा घालावा तसा. आधी तातेवरून मेणाचं बोट फिरवी. ओढून झाल्यावर प्रत्येक ओळ नखाने सरळ करी आणि शेवटी तात छेडून कान लावून ऐके. आवाज बद्द आला तर नवऱ्याला म्हणे, "डावीकडली ढिली हाय." तो म्हणे, "न्हाई." मग तपासे, आणि ती ढिली निघे.

एकदा सरपण आणायला गेलेली ती क्लबाच्या मेंदीच्या कुंपणाशी थांबली. आत भगवानराव खेळत होते. चेंडू तातेवर बसला आणि असा नितळ टणत्कार झाला की तिच्या अंगावर काटा आला. आपल्या हातची रॅकेट तिने आवाजावरून ओळखली. घरी येईपर्यंत डोक्यावरच्या मोळीचं वजन तिला कळलं नाही.

या सुखात खडा होता तो दिराचा. दत्तराव हा सितारामचा धाकटा भाऊ. दहावीच्या परीक्षेला बसून बसून दमलेला, भावाच्या चुलीवर जेवणारा, पण विहारात बोलायला उभा राहिला की थांबायचं नाव न घेणारा. बोलणं वाईट नव्हतं त्याचं. छप्पन साली बापजाद्यांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं, आपण माणसं झालो, हे तो सांगे तेव्हा म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत. पण तेच भाषण तो घरी आणून वहिनीच्या ताटात वाढी.

"वैनी, आतड्याला हात लावलाव ना आज? आदी साबनानं धुवा, मंग भाकर वाडा. बापानं सोडलं ते तुमी घरात आनलंव."

ज्यांना कुणी पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांचाच पोरगा वहिनीला हात धुऊन ये म्हणत होता, आणि ते त्याला कळतही नव्हतं. चांगुणाबाई हात धुई. धुताना तिला वाईट वाटे, कारण बोलणं अगदीच खोटं नव्हतं. तिच्या बापाने, आश्रुबाने, तिच्या डोळ्यांदेखत कातडं सोलायची सुरी ओढ्यात फेकली होती. ते तिला लख्ख आठवत होतं.

शेवटी एका उन्हाळ्यात ती पेडगावला गेली तेव्हा तिने बापाला विचारूनच टाकलं. आश्रुबा आता थकला होता, बाजेवर पडून असे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आमी सुरी फेकली ती काय वासामुळं न्हाई, बाई," तो म्हणाला. "कुनीबी 'ए' म्हनायचं अन् आमी पळत जायचं. आमाला नाव न्हवतं. ते सोडलं आमी. तुला कुनी नावानं हाक मारून काम देतं का?"

"न्हाई, आबा. त्यांचं नाव हाय."

"मंग तुजं नाव लागू दे. लागलं तर खुशाल कर, माजी ना न्हाई. न्हाई लागलं तर तूबी सोड."

चांगुणाबाईला हे पटलं, कारण नावाची चव तिने घेतली होती. दुष्काळात खडी फोडायला ती जाई तेव्हा मुकादम रोज सकाळी हजेरी घेताना मोठ्याने म्हणे, "चांगुणा सिताराम!" आणि ती म्हणे, "हाय!" काम हाडं मोडणारं होतं, पण ते तिचं होतं. त्यानंतर तिला तिच्या नावाने कामावर कुणी बोलावलं नव्हतं. आता तिला एवढंच हवं होतं की क्लबात एकदा कुणीतरी म्हणावं, ही रॅकेट चांगुणाने विणली. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं, आणि हेही कुणाजवळ मोठ्याने बोलून दाखवलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर सिताराम उड्या मारत घरी आला. थंडीत क्लबात मोठे सामने भरणार होते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले साहेब येणार, रॅकेटी धडाधड लागणार. भगवानरावांनी त्याला बोलावून विचारलं होतं की एवढं काम तुझ्या एकट्याने होणार नाही, तुझ्यासोबत विणायला कोण मिळेल? कारण क्लब आता विणणाऱ्यालाही कायम नोकरीवर घेणार होता.

"मंग काय म्हनालाव?" चांगुणाबाईने विचारलं. तिच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला.

"म्हनलं, घरचंच मानूस हाय. साहेब म्हनाले, सोमवारी घिऊन ये."

घरचंच माणूस! त्या दोन शब्दांवर चांगुणाबाई आठवडाभर चालत होती की उडत होती ते तिलाच माहीत. लग्नातलं ठेवणीतलं पांढरं, निळ्या काठाचं लुगडं तिने धुऊन उशाखाली घडी घालून ठेवलं. हिरव्या बांगड्या भरल्या. शेजारच्या कडूबाईला सांगितलं, "सोमवारी मला क्लबात बोलीवलंय." कडूबाईने ते वस्तीभर केलं.

सोमवारी सकाळी ती लुगडं नेसून बाहेर आली तर अंगणात दत्तराव. अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, भावाच्या चपला पायात.

"तुमी कुटं निगालाव, भाऊजी?"

दत्तराव सितारामकडे बघू लागला. सिताराम सायकलीची साखळी बघू लागला. साखळी चांगली होती.

"अगं, बाईमानूस क्लबात कसं चालंल?" सिताराम साखळीशीच बोलला. "साहेबलोक चड्ड्यांवर असतेत तितं. मंग म्या दत्तूचं नाव सांगितलं. त्याचंबी कुटं लागंना झालंय. घरात नोकरी आली म्हंजे झालं. तुजी काय अन् त्याची काय?"

"अन् भाऊजी आतड्याला हात लावतेल का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा दत्तराव लगेच म्हणाला, "वैनी, घरात बसून करनं येगळं अन् नोकरीवर करनं येगळं. खाकी कपडे मिळतेत. ते काम शास्त्राचं झालं." आणि वर म्हणाला, "तेवडं इनायचं मातर दाखवा मला. सामने तोंडावर आलेत."

आयत्या बिळावर नागोबा येतो हे चांगुणाबाईने ऐकलं होतं, पण नागोबा बीळ खणायचं शिकवा म्हणून विनंती करतो हे तिला नवीन होतं. ती आत गेली, लुगडं बदललं आणि चूल पेटवली. दुपारी दत्तरावाला नेमणूक मिळाली. संध्याकाळी विहारापुढे त्याला झेंडूचा हार घातला गेला, आणि आतड्याबद्दल चकार शब्द कुणी काढला नाही. चांगुणाबाई घराच्या दारातून तो हार बघत होती. तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि इतका राग आपल्या पोटात मावतो याचंच तिला नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शिकंजा अंगणात, सिताराम ओढायला, दत्तराव विणायला, चांगुणाबाई बाजूला बसून. सितारामने तिला आधीच बजावलं होतं, "जास्तीचं बोलू नगं. त्याला आवडत न्हाई. तो इचारंल तेवडंच सांग."

"बरं," चांगुणाबाई म्हणाली. आणि तिने तेवढंच केलं.

दत्तराव बुद्धीने कमी नव्हता. वरून, खालून, पुढची ओळ उलट, हे त्याला दोन दिवसांत आलं. बोटं भराभर चालायला लागली तसा तो फुशारला. "हे तर लय सोपं हाय की! ह्याचंच कवतिक करत होताव का?" असं म्हणाला. त्याने विचारलं की सुरुवात कुठून, तिने सांगितलं. त्याने विचारलं की गाठ कशी, तिने दाखवली. मेण कशाला असतं हे त्याने विचारलं नाही. एक ओळ पुढे का विणायची हेही विचारलं नाही. तो मागची ओळ आधी भावाकडून ओढून घेई, मग ताठ तातेतून पुढची ओळ जोर लावून सरळ खेची. उभ्या तातेवर आडवी करकर घासत जाई. चांगुणाबाईला ते ऐकू येत होतं. पाचव्या-सहाव्या ओळीपाशी तातेचे बारीक तंतू सुटलेले तिला दिसले. जिभेवर शब्द आला. तिने तो गिळला आणि विचारलं, "च्या ठिवू का?"

आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, अशी तिची गत होती. फरक इतकाच की या वेळी पिठात खडे आहेत हे दळणारीला दिसत होतं आणि ती बोलत नव्हती. हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं. रॅकेटीने तिचं काय घोडं मारलं होतं? तरी ती गप्प राहिली. तुटतील, मग साहेब विचारतील, पहिल्या कुणाच्या हातच्या होत्या? मग नवऱ्याला सांगावंच लागेल. असा तिचा हिशेब होता. साधा, बाईमाणसाचा, चार भिंतींत बसून केलेला हिशेब.

सामन्यांच्या दिवशी क्लबाला पताका लागल्या. कुंपणाबाहेर बघ्यांची गर्दी झाली, त्यात पदर डोक्यावर घेऊन चांगुणाबाई उभी होती. दत्तराव खाकी कपड्यांत चेंडू वेचत होता. भगवानराव नव्याने भरलेली रॅकेट घेऊन नांदेडच्या एका डॉक्टरशी खेळायला उतरले. पहिल्या फटक्यालाच चांगुणाबाईने डोळे मिटले. आवाज फुटका होता.

थोड्या वेळाने तात तुटली. दत्तरावाने पळत दुसरी रॅकेट दिली. ती पहिलीहून लवकर तुटली, आणि तेही भगवानराव जिंकायला आले होते नेमकं तेव्हा. परगावची माणसं हसली. भगवानराव गोरेमोरे झाले आणि मग लालबुंद.

"सिताराम! इकडे ये. ही कुणी विणली?"

चांगुणाबाईने मेंदीच्या फांद्या मुठीत धरल्या. दत्तराव थिजून उभा होता. सितारामने भावाकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं आणि हात जोडले.

"साहेब, दत्तूची काय चूक न्हाई. ह्या रॅकेटी घरी भरल्या. बायकोनं मधी हात घातला. चांगुणा नाव तिचं. चांगुणानं इनल्या ह्या."

नाव घेतलं गेलं. भर क्लबात, दोनदा, चांगलं खणखणीत.

चांगुणाबाई फाटकातून आत कशी गेली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. मुरमावर तिच्या अनवाणी पायांचे ठसे उमटले. कुणीतरी "ए बाई" म्हणालं. ती भगवानरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, चांगुणा म्या हाय. ह्या माज्या हातच्या न्हाईत. ह्याच्या आदीच्या समद्या माज्या हातच्या होत्या. त्यातली एकबी अशी तुटली का? इचारा ह्यांना."

भगवानरावांनी सितारामकडे बघितलं. सितारामने चुन्याच्या रेघेकडे बघितलं.

"कवाकवा धरू लागायची, साहेब," तो म्हणाला. "इनायला न्हाई."

"वैनी, घरी चला," दत्तराव हळूच म्हणाला. "साहेबांचा टाइम जायलाय."

ती अजून काही सांगणार होती. मेण, पुढची ओळ, हात कसा हलवायचा, सगळं घशापर्यंत आलं होतं. पण ते आता सांगितलं तर हे आधी का सांगितलं नाहीस असं कुणीही विचारलं असतं, आणि त्याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. तिच्याच गप्प बसण्याने तिचं तोंड शिवलं होतं.

भगवानराव काही दुष्ट माणूस नव्हते. पाहुणे बघत होते, समोर बाईमाणूस अनवाणी उभं होतं. त्यांचा राग उतरला.

"असू द्या, बाई. चुकून झालं असेल," ते मऊ आवाजात म्हणाले. "माफ केलं. पुन्हा रॅकेटला हात लावू नका म्हणजे झालं." मग ते दत्तरावाकडे वळले. "आणि तू रे, इथेच क्लबात बसून विणत जा."

नांदेडचे डॉक्टर म्हणाले की मनाचा मोठा माणूस. दोघंतिघं हसले. कुणीतरी भगवानरावांना आपली रॅकेट दिली आणि खेळ पुढे सुरू झाला. नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, असं म्हणतात. इथे तर दाद मागायच्या आतच माफी मिळाली होती.

ती फाटकाबाहेर पडली. लिंबांच्या रांगेपाशी सिताराम धापा टाकत मागून आला. तो घाबरलेलाही होता आणि सुटल्यासारखाही दिसत होता.

"राग नगं धरू," तो म्हणाला. "अगं, दत्तूचं नाव घेतलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. माजं घेतलं असतं तर माजी. तुजं काय जानार होतं, सांग बरं? तुला तितं वळखतं कोन?"

चांगुणाबाई थांबली. तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. तो खरंच विचारत होता, त्याच्या तोंडावर कपट नव्हतं.

"वळखतेत की आता," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढे चालू लागली.